चिकटपट्ट्या

वाशी नाक्याच्या पुनर्वसन वसाहतीत
इमारत क्रमांक एकोणीस, लिफ्ट बंद.
सातव्या मजल्यापर्यंत एकशे सव्वीस पायऱ्या.
दर मंगळवारी मोजते;
मोजलं की वर जाऊन काय बोलायचं
याची धास्ती थोडी कमी होते.

कौसाबाई साळवे, वय चोपन्न.
फायलीत आजाराचं नाव आहे, सुरू झाल्याचं साल आहे.
घरातल्या एकूण एक प्लगच्या भोकांवर त्यांनी
जखमेवर लावतात त्या पट्ट्या चिकटवल्यात,
हे फायलीत नाही.
कडा अंगठ्याने दाबून, नीट,
जणू भिंतीलाच कुठेकुठे कापलं होतं.

पहिले अकरा मंगळवार मी जाळीच्या दाराबाहेर बसले.
लादी गार.
मजल्यावरच्या पोरांना मी आधी बचत गटवाली वाटले,
मग जनगणनेची बाई, मग त्यांनी नाद सोडला.
आतून एकच वाक्य यायचं, "कोणी नाही घरात."
"बरं," मी म्हणायचे, "मग कोणीनाहीशीच बोलते."
हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं नाही.

बाराव्या मंगळवारी जाळीतून पाण्याचा पेला आला.
त्यानंतर कधीतरी कडी निघाली,
आणि कुंकवाच्या जुन्या डब्यातून
सत्तेचाळीस गोळ्या माझ्यापुढे ओतल्या गेल्या.
जिभेखालून काढून, पदराला पुसून ठेवलेल्या.
"फेकवत नाहीत गं. विशाखा पैसे घालते.
तिला सांगू नको, कामावरनं दमून येते."

प्लग काय म्हणतो, मी विचारलं.
"खाली करा म्हणतो. दहा मिन्टं देतो.
सामान भाईर काढा म्हणतो."
आवाज कुणाचा?
"कुणाचा म्हंजे? भोंग्याचा."
मिठीच्या काठावरची झोपडी पाडली त्या सकाळी
परातीत कणीक मळून झाकून ठेवली होती.
भाकरीची नाही, गव्हाची. पोरीचा वाढदिवस होता.
परात सापडली नंतर, चेपलेली.
कणकेचं त्या अजून विचारतात.

फॉर्मवर रकाना आहे: भास, श्राव्य. आशय.
आशयापुढे दोन बोटं जागा.

मग सोसायटीचं पत्र आलं.
इतर सभासदांस उपद्रव होत असल्याने
सदर सदनिका तात्काळ खाली करावी.
मी ते चौथ्या मजल्याच्या वळणावर उभ्याने वाचलं
आणि वर जायच्या ऐवजी खाली उतरले.

सेक्रेटरी धुरी वाईट माणूस नाही.
पाण्याची टाकी स्वतः उभा राहून धुऊन घेतो.
"रात्री दोनला दारं वाजवतात हो," तो म्हणाला,
"सगळ्यांना उठवतात, पळा म्हणून. माझी आई हार्ट पेशंट."
तेही खरं.
मी म्हटलं, "बाकी काही लिहा, धुरी.
हे एक वाक्य त्यांना आधीच रोज ऐकू येतं."
तो पत्राकडे बघत राहिला, फाडलं नाही.
पुढच्या मीटिंगला घेऊ म्हणाला.
मीटिंग अजून व्हायचीय.

डॉक्टरांनी गोळी बदलली, कमी गुंगीची.
आता निदान आठातल्या पाच पोटात जातात,
हा हिशोब त्यांनीच दिला, मी विचारला नव्हता.
आवाज गेला?
"लांब गेलाय. नाक्यापतूर."

काल मंगळवार. माझा फोन चार टक्क्यांवर.
चार्जर पर्समधून काढला आणि तसाच आत टाकला,
ते त्यांनी पाहिलं.
उठल्या. ओट्याशेजारच्या प्लगवरच्या पट्टीची कड
नखाने सोडवायला बराच वेळ लागला.
पट्टीबरोबर थोडा रंगही निघाला.
"लाव. पण मोठ्यानं बोलू नको."

लावला. दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो.
खालून कुणीतरी आऊट आऊट ओरडलं.
कुकरची शिट्टी, बहुतेक सहाव्या मजल्यावर.
"आला?" त्यांनी मला विचारलं.
"मला नाही. तुम्हाला?"
त्यांनी बोट वर केलं, थांब अशा अर्थी.

थांबले.
फोन एकोणीस टक्के झाला तेव्हा
बोट अजून वरच होतं.